टी-शर्टचं सूत कुणी विचारायचं?

यवतमाळ किंवा अकोल्याच्या खरेदी केंद्रावर कापसाची गाडी लागते, तेव्हा हमीभाव ठरतो तो धाग्याच्या लांबीवर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये असा भाव जाहीर केला. मध्यम म्हणजे साधारण साडेचोवीस ते साडेपंचवीस मिलिमीटर आणि लांब म्हणजे साडेएकोणतीस ते साडेतीस मिलिमीटर. पाच मिलिमीटरच्या फरकाला चारशे रुपये. पुढे जिनिंगमध्ये सरकी वेगळी होऊन रुईची गाठ बांधली जाते. तिचीही लांबी, ताकद, तलमपणा आणि त्यातला कचरा मोजला जातो. सूतगिरणी सूत विकते ते काउंट सांगून, होजिअरीवाला विणलेलं कापड विकतो ते वजन सांगून, आणि निर्यातदाराला तर रंगाच्या पक्केपणाचा अंकसुद्धा कागदावर द्यावा लागतो. इतक्या मोजमापांतून गेलेलं कापड टी-शर्ट होऊन दुकानाच्या फळीवर येतं तेव्हा त्यावर उरतात बहुधा तीनच गोष्टी: कंपनीचं नाव, किंमत आणि '१०० टक्के कॉटन' हे शब्द. गिऱ्हाईक कापडावरून हात फिरवतं, मऊ लागलं की घेतं. कापसाच्या या लांबलचक साखळीत प्रत्येक जण मापून घेतो. अंगावर घालणाऱ्यालाच तेवढं माप सांगितलं जात नाही.

रोजच्या वापराचा साधा, बिनछापाचा टी-शर्ट चांगला मिळणं अवघड का झालं आहे, याचं उत्तर मला या जागी दिसतं. साध्या टी-शर्टवर लक्ष वेधणारं चित्र नसतं, भरतकाम नसतं. त्याचं सगळं भलंबुरं कापडात आणि शिलाईत असतं, आणि नेमकं तेच गिऱ्हाइकापासून झाकलेलं असतं. गळा सैल पडतो, बाजूची शिवण फिरून पोटावर येते, छातीवर बारीक गोळे धरतात, पोटापाशी टाचणीएवढी भोकं पडतात, काळा रंग विटून तपकिरी दिसू लागतो. या तक्रारी घरोघर सारख्याच आहेत आणि 'हल्ली कापडच असं येतं' असं म्हणून त्या सोडून दिल्या जातात. पण यांतल्या प्रत्येक दोषाला ठरलेलं कारण आहे. बहुतेक कारणं टी-शर्ट शिवला जाण्याआधीच, म्हणजे सूत कातताना, कापड विणताना आणि ते धुऊन रंगवताना ठरून गेलेली असतात.

पहिली गोष्ट तंतूची लांबी. सूत म्हणजे पीळ देऊन एकमेकांना धरून ठेवायला लावलेले असंख्य तंतू. तंतू लांब असेल तर तो शेजारच्या तंतूंना जास्त लांबीवर धरून राहतो. आखूड असेल तर पकड कमी बसते आणि थोड्या घासण्यानंही तो निसटतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक तंतूला दोन टोकं असतात. तेवढंच सूत निम्म्या लांबीच्या तंतूंतून कातलं तर त्यात टोकांची संख्या दुप्पट होते. ही टोकं सुताबाहेर डोकावतात आणि कापडावर लव दिसू लागते. मग बॅगेच्या पट्ट्यानं, खुर्चीच्या पाठीनं, बाहीच्या घासण्यानं ती लव एकमेकींत गुंतते आणि तिचे गोळे होतात. छातीवर आणि काखेखाली गोळे जास्त दिसतात ते यामुळेच. जगात सर्वांत लांब तंतूंचा कापूस इजिप्तच्या गिझा, अमेरिकेच्या पिमा आणि आपल्याकडच्या सुविन या जातींत मिळतो. सुविन हे वाण कोइम्बतूरच्या संशोधन केंद्रात तयार होऊन १९७४ मध्ये प्रसारित झालं. त्याचा तंतू अडतीस मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याचं पीक आज फारच थोडं येतं. मात्र रोजच्या टी-शर्टसाठी एवढ्या उंची कापसाची गरज नाही. विदर्भ-मराठवाड्यात पिकणाऱ्या आजच्या संकरित कापसाचा तंतू बहुधा अठ्ठावीस ते तीस मिलिमीटर असतो, आणि तो नीट विंचरून कातला तर उत्तम टी-शर्ट होतो. अडचण कापसाची नाही, त्याच्यावर पुढे किती मेहनत आणि पैसा खर्च केला जातो याची आहे.

कापूस पिंजून त्याचे पेळू झाले की त्यात लांब तंतूंबरोबर आखूड तंतूही असतात. तसेच कातले तर ते कार्डेड सूत. पेळू यंत्राच्या बारीक दातांतून विंचरून आखूड तंतू काढून टाकले तर ते कॉम्ब्ड सूत. विंचरण्यात साधारण बारा ते वीस टक्के कापूस बाहेर पडतो. म्हणजे गिरणीचा तेवढा माल कमी होतो आणि सूत महाग पडतं. म्हणून 'कॉम्ब्ड' हा शब्द लेबलावर असेल तर त्याला खरी किंमत आहे. त्यानंतर कातण्याची पद्धत. रिंग पद्धतीत सूत सावकाश आणि एकसारख्या पिळानं कातलं जातं. ओपन एंड पद्धतीत ते फार वेगानं आणि स्वस्तात निघतं, दिसायला एकसारखं असतं, पण ताकदीला कमी आणि स्पर्शाला खरबरीत असतं. फुटपाथवरचा दीडशे रुपयांचा टी-शर्ट बऱ्याचदा याच सुताचा असतो. त्यापुढची गोष्ट काउंट. इथे आकडा जेवढा मोठा तेवढं सूत बारीक, कारण एक पौंड वजनात ८४० वारांच्या किती लडी बसतात ते काउंट सांगतो. तीसच्या काउंटचं सूत म्हणजे एका पौंडात तीस लडी, पंचवीस हजार दोनशे वार, जवळजवळ तेवीस किलोमीटर. बाजारातले बहुतेक टी-शर्ट तीसच्या सुताचे असतात, जरा दणकट हवे असतील तर चोवीसच्या किंवा वीसच्या. मोठा काउंट म्हणजे उंची माल, हे साडीच्या बाबतीत खरं ठरतं. टी-शर्टच्या बाबतीत ते अर्धंच खरं, कारण लांब तंतू नसताना बारीक कातलेलं सूत लवकर विरतं.

विणकामाच्या यंत्रावर हे सूत गोल फिरत फासे घेत कापड होतं. त्याला सिंगल जर्सी म्हणतात. शर्टाच्या कापडात ताणा-बाणा एकमेकांना जखडून ठेवतात. जर्सीत मात्र प्रत्येक फासा हलता असतो, म्हणून ती अंगाबरोबर ताणली जाते आणि म्हणूनच ती लवकर घासली जाते. एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. तीसच्या सुताची जर्सी साधारण १४० ते १६० जीएसएमची होते, चोवीसची १८० च्या आसपास, वीसची २०० च्या पुढे. वजन कामाचं माप आहे, पण त्यावर डोळे झाकून विसंबू नये. एकाच वजनाचं कापड जाड सुताचे सैल फासे घेऊनही विणता येतं आणि बारीक सुताचे घट्ट फासे घेऊनही. सैल फाशांचं कापड हातात भरदार लागतं, पण दोन-चार धुण्यांत आटतं आणि रुंदीला पसरतं. टी-शर्ट धुतल्यावर तिरका का होतो, याचंही उत्तर इथेच आहे. एकेरी सुताला दिलेला पीळ सुटायला बघत असतो, पाणी लागलं की तो मोकळा होतो आणि सगळे फासे एका बाजूला कलतात. पीळ योग्य ठेवणं, दोन पदरी सूत वापरणं आणि शिवण्याआधी कापड पुरतं आटवून घेणं, हे त्याचे उपाय कारखान्यांना चांगले माहीत आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला वेळ किंवा पैसा लागतो, एवढंच.

यानंतर येते ती पायरी ज्यामुळे गिऱ्हाइकाची सर्वांत जास्त दिशाभूल होते. रंगवलेलं कापड शेवटी 'बायोवॉश' आणि सॉफ्टनरमधून काढलं जातं. बायोवॉशमध्ये सेल्युलेज नावाचं एन्झाइम कापडावरची लव खाऊन टाकतं. त्यानं कापड गुळगुळीत होतं, गोळेही कमी धरतात, म्हणून ही प्रक्रिया मुळात वाईट नाही. पण एन्झाइम लवेबरोबर सुतालाही थोडं खातं, त्यामुळे वजन आणि ताकद थोडी घटते. हलक्या, आखूड तंतूंच्या सुतावर ती जास्त वेळ केली तर कापड आतून पोकळ होतं. सिलिकॉनच्या सॉफ्टनरचं तर काम एकच, हाताला लोण्यासारखं लागणं. त्याचा मुलामा काही धुण्यांत उतरतो आणि खालचं मूळ सूत उघडं पडतं. जुन्या पिढीतली माणसं कापड घेताना त्याचा कोपरा दोन बोटांत चुरगाळून खळ किती आहे ते बघत, कारण विरळ कापड खळ घालून भरदार दाखवलं जाई हे त्यांना ठाऊक होतं. आजचा सॉफ्टनर म्हणजे उलट्या दिशेनं घातलेली खळच आहे. तेव्हा कडकपणानं फसवत, आता मऊपणानं. फरक असा की खळ ओळखायची युक्ती घरात शिकवली जात होती, मऊपणावर शंका घ्यायला कुणी शिकवत नाही. उलट तोच गुण म्हणून जाहिरातीत सांगितला जातो.

शिलाईबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण ती डोळ्यांना दिसते. टी-शर्ट उलटा करावा. मागच्या गळ्यावर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पट्टी असेल तर खांदे ओघळत नाहीत. गळ्याची रिब कापडापेक्षा घट्ट, ताणून सोडली की लगेच जागेवर येणारी हवी. तिच्यात थोडं लायक्रा असतं, आणि ते क्लोरिननं आणि फार गरम पाण्यानं मरतं. खालची आणि बाह्यांची दुमड दोन सुयांच्या समांतर टाक्यांची असावी आणि ताणल्यावर टाके तुटू नयेत. बाजूची शिवण खालपर्यंत सरळ उतरते का, हेही पाहावं. नव्या टी-शर्टलाच ती वळलेली असेल तर धुतल्यावर ती आणखी वळणार.

हे सगळं पाहिल्यावर एक प्रश्न उरतो. इतका वापरला जाणारा कपडा मुळातच इतका नाजूक का? याचं मूळ त्याच्या जन्मात आहे. टी-शर्ट हा आतून घालायचा कपडा. अमेरिकेच्या नौदलानं १९१३ च्या सुमारास खलाशांना गणवेशाखाली घालायला जो सुती गंजीफ्रॉक दिला, त्यातून त्याची आजची ओळख सुरू झाली. आपल्याकडेही बनियन आणि टी-शर्ट दोन्ही होजिअरीतच मोडतात. होजिअरीच्या सुताला पीळ मुद्दाम कमी ठेवतात, कारण ते अंगाला मऊ लागायला हवं. शर्टाखाली असताना हे योग्यच होतं. बनियनला ऊन लागत नाही, बॅगेचा पट्टा घासत नाही, जीन्सचं बटण किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याची कड पोटावर रोज रगडत नाही. गेल्या काही दशकांत हा कपडा बाहेर आला आणि कॉलेजात, ऑफिसात, लोकलमध्ये, मोटारसायकलवर, सगळीकडे तोच दिसू लागला. त्याच्यावरचा भार कितीतरी वाढला. सूत मात्र बहुतेकांनी बनियनचंच ठेवलं, किंवा खर्च वाचवायला त्याहून हलकं केलं. पोटापाशी पडणाऱ्या बारीक भोकांसाठी लोक झुरळांना आणि वॉशिंग मशीनला दोष देतात. बहुतेक वेळा ती बटण, पट्ट्याचं बक्कल आणि ओट्याची कड यांच्यामध्ये रोज चिरडल्या जाणाऱ्या पातळ जर्सीची असतात.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढं डोकं चालवायची गरजच काय, चांगल्या कंपनीचा महाग टी-शर्ट घ्यावा. दुर्दैवानं किंमत इथे भरवशाची खूण नाही. ब्रिटनमधलं लीड्स विद्यापीठ आणि 'रॅप' ही संस्था यांनी वेगवेगळ्या किमतींचे ४७ टी-शर्ट पुन्हा पुन्हा धुऊन, घासून, ताणून तपासले. २०२५ मध्ये जाहीर झालेले त्याचे निष्कर्ष सांगतात की किमतीवरून टिकाऊपणाचा अंदाज बांधता येत नाही. कित्येक महागड्या टी-शर्टांना स्वस्त टी-शर्टांनी मागे टाकलं. जाड कापड साधारणपणे बरं ठरलं, तरी काही हलके टी-शर्टही वरच्या क्रमांकांत आले. याचं नवल वाटायला नको. मॉलमधल्या टी-शर्टच्या किमतीत दुकानाचं भाडं, जाहिरात, सवलतीचा सेल आणि कंपनीचं नाव यांचा मोठा वाटा असतो, सुताचा वाटा त्यात लहान. कार्डेडऐवजी कॉम्ब्ड सूत घालायला एका टी-शर्टमागे जो जादा खर्च येतो तो विक्रीच्या किमतीपुढे किरकोळ असतो. लाखो नगांच्या ऑर्डरमध्ये मात्र तोच मोठा दिसतो, आणि गिऱ्हाइकाला फरक कळणार नाही याची खात्री असली की तो वाचवला जातो. कापसाच्या जातीचं नावही पुरेसं नाही. २०१६ साली अमेरिकेत 'इजिप्शियन कॉटन' म्हणून विकलेल्या चादरींत दुसराच कापूस असल्याचं प्रकरण गाजलं होतं. 'ऑरगॅनिक' हा शब्द कापूस कसा पिकवला ते सांगतो, तंतू किती लांब आहे ते सांगत नाही. जुन्या कपड्यांपासून पुन्हा कातलेल्या कापसात तर तंतू तुटून आखूडच झालेले असतात. पर्यावरणासाठी ते चांगलं असेल, पण तेवढ्यावरून ते टिकाऊ समजू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. टिकाऊपणाच हवा तर पॉलिएस्टर घ्या, ते आटत नाही, विरत नाही, लवकर वाळतं. ब्रिटनच्या त्या चाचण्यांतही थोडं कृत्रिम धाग्याचं मिश्रण असलेले टी-शर्ट टिकाऊपणात चांगले ठरले, आणि हे मान्य करायलाच हवं. खेळायला, धावायला, कोकणातल्या पावसाळ्यात न वाळणाऱ्या कपड्यांवर उपाय म्हणून पॉलिएस्टरला जागा आहे. पण रोज दहा-बारा तास अंगावर राहणाऱ्या कपड्याची कसोटी फक्त किती वर्षं टिकला ही नसते. कापूस घाम स्वतःत ओढून घेतो, पॉलिएस्टर जवळजवळ घेत नाही. घामाचा वास पॉलिएस्टरला जास्त चिकटतो आणि धुतल्यावरही पुरता जात नाही. घालवत नाही म्हणून कपाटात पडून राहिलेला टी-शर्ट न फाटता निकामी झालेला असतो. गळ्याच्या रिबेत लायक्रा आणि शिलाईला पॉलिएस्टरचा दोरा एवढी कृत्रिम मदत घेऊन अंगाचं कापड सुती ठेवणं मला आपल्या हवेत सर्वांत योग्य वाटतं. मोडाल आणि व्हिस्कोस यांच्याबाबत मात्र सावध राहावं. कापसाचा तंतू ओला झाला की आणखी मजबूत होतो, व्हिस्कोसचा तंतू ओला झाला की खूपच कमजोर होतो, आणि टी-शर्टला सर्वांत जास्त रगडा ओला असतानाच बसतो. राखाडी मेलांज, म्हणजे मिश्र छटेच्या, टी-शर्टमध्ये बऱ्याचदा थोडं व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर असतं, म्हणून तो घेताना आतलं लेबल वाचावं.

जाड टी-शर्ट आपल्या उन्हाळ्यात कोण घालणार, हा प्रश्नही रास्त आहे. जपानच्या वाकायामात अजूनही जुन्या, फार सावकाश चालणाऱ्या गोल यंत्रांवर ताण न देता जड जर्सी विणतात आणि तिचं जगभर कौतुक होतं. पण ते कापड चंद्रपूरच्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या दमट ऑक्टोबरमध्ये घालायचं नाही. २२० जीएसएमच्या पुढचे टी-शर्ट हल्ली फॅशनमध्ये आहेत. पावसाळ्यात ते दोन दिवस वाळत नाहीत आणि ओलसर घातले की कुबट वास येतो, बुरशीचे काळे ठिपकेही पडतात. आपल्यासाठी १६० ते १८० जीएसएम हा मधला पट्टा बरा आहे, आणि सूत चांगलं असेल तर १६० चा टी-शर्टही वर्षानुवर्षं चालतो. शिवाय उकाडा कापडाच्या वजनाइतकाच मापावरही अवलंबून असतो. अंगाला चिकटून बसणारा पातळ टी-शर्ट सैल, जरा जाड टी-शर्टपेक्षा जास्त उकडवतो. घट्ट टी-शर्ट ताणलेल्या अवस्थेत घासला जातो म्हणून लवकरही जातो.

मग असंही म्हटलं जातं की साध्या गिऱ्हाइकाला काउंट आणि जीएसएम कळणार कसे. हा आक्षेप मला मुळीच पटत नाही. गणपतीच्या आधी कुठल्याही मंडळाचे कार्यकर्ते टी-शर्ट छापून घ्यायला जातात, तेव्हा छपाईवाला त्यांना सरळ विचारतो, एकशेसाठचा देऊ की एकशेऐंशीचा, बायोवॉश हवा की साधा. ते दोन्ही कापडं बघतात, भाव करतात आणि ठरवतात. घाऊक बाजारात कोऱ्या टी-शर्टची भाषाच ही आहे. हातमागाची सुती साडी घेताना 'ऐंशीचं सूत की शंभरचं' असं विचारणाऱ्या बायका महाराष्ट्रात गावोगाव आहेत, त्यांना ते कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. फ्रिजवरचे वीजबचतीचे तारे २००६ पासून आले आणि आज कुठलंही कुटुंब तारे बघितल्याशिवाय फ्रिज घेत नाही. माहिती समोर असली की ती वाचायची कशी ते लोक शिकतात. टी-शर्टच्या लेबलावर कापडाचं वजन, सुताचा काउंट, कार्डेड की कॉम्ब्ड, आणि धुतल्यावर किती टक्के आटेल, या चार गोष्टी छापायला एक ओळ पुरेल. हे आकडे कारखान्यात असतातच, नव्यानं काढावे लागत नाहीत. युरोपीय संघानं २०२४ मध्ये केलेल्या कायद्यानुसार टिकाऊपणासारख्या निकषांवर उत्पादनांसाठी नियम करता येतात, आणि कपडे त्यात अग्रक्रमावर आहेत. ते नियम लागू झाले की होजिअरीचं मोठं केंद्र असलेल्या तमिळनाडूतल्या तिरुपूरचा निर्यातदार तिथल्या गिऱ्हाइकाला ही माहिती देईल. त्याच तिरुपुरात, कदाचित त्याच यंत्रावर, विदर्भाच्या कापसातून विणलेला टी-शर्ट नागपूरच्या दुकानात मात्र मुका येणार असेल तर ते आपण खपवून घेऊ नये.

'स्वस्त घ्यावा, सहा महिने वापरावा, टाकून द्यावा' असं म्हणणाऱ्यांनीही तिरुपूरकडे पाहावं. रंगाईच्या पाण्यानं तिथली नोय्याल नदी इतकी नासली की जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथले रंगाई आणि ब्लीचिंगचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला आणि एकही थेंब सांडपाणी बाहेर सोडायचं नाही ही अट कडक झाली. आज ते पाणी शुद्ध करून परत वापरायचा खर्च रंगाईत धरला जातो, आणि तो योग्यच आहे. पण सहा महिन्यांत फेकलेला प्रत्येक टी-शर्ट ती सगळी रंगाई, ते पाणी, ते मीठ पुन्हा एकदा मागतो. आणि खिशाचं म्हणाल तर दीडशेच्या टी-शर्टचं नुकसान सर्वांत जास्त त्यालाच होतं ज्याला पाचशेचा परवडत नाही. त्याला तोच खर्च पुन्हा पुन्हा येतो. सॉफ्टनर, चकचकीत खोकं आणि टॅग यांवरचा पैसा वाचवून चोवीसच्या सुताचा, नीट आटवलेला, स्पर्शाला जरा राठ पण खरा टी-शर्ट माफक भावात देता येईल. तशा मालाला मागणी नाही असं व्यापारी सांगतात. ज्याची माहितीच दिली जात नाही त्याची मागणी येणार कुठून?

लेबल बदलेपर्यंत हाती जे आहे त्यावर भागवायचं तर दुकानात काही गोष्टी करता येतात. टी-शर्टचा एक पदर उजेडाकडे धरावा. फासे एकसारखे, दाट दिसले पाहिजेत, मध्येच ढगांसारखे विरळ पट्टे दिसू नयेत. आडवा ताणून सोडावा, तो चटकन मूळ रुंदीला आला पाहिजे. अंगठ्यानं एकाच जागी वीस-पंचवीस वेळा घासावं, लव उठली तर तंतू आखूड आहेत. ऑनलाइन घेताना कधीकधी जीएसएम दिलेला असतो, तो घरच्या वजनकाट्यावर ताडून बघता येतो. मधल्या मापाचा, अर्ध्या बाह्यांचा १८० जीएसएमचा टी-शर्ट साधारण १६० ते १९० ग्रॅम भरतो. खूप कमी भरला तर आकडा खोटा आहे, तो परत करावा. आणि एकदम सहा घेऊ नयेत. एक घ्यावा, धुण्याआधी छाती आणि उंची टेपनं मोजून लिहून ठेवावी, तीन धुण्यांनंतर पुन्हा मोजावी. तोवर सॉफ्टनरचा बराच भाग उतरलेला असतो, कापड जेवढं आटायचं तेवढं बहुतेक आटलेलं असतं, शिवण वळायची असेल तर वळलेली असते. तीन-चार टक्क्यांपेक्षा जास्त आटला नसेल आणि गळा जागेवर असेल तर त्याच मालाचे बाकीचे घ्यावेत, आणि लवकर घ्यावेत, कारण तेच नाव ठेवून सूत हलकं करणं ही या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे.

धुण्यातही त्याचं आयुष्य कमी-जास्त होतं. टी-शर्ट उलटा करून, थंड पाण्यात, जीन्सपासून वेगळा धुवावा. चेनचे दात आणि धातूची बटणं जर्सीचा घात करतात. दगडावर आपटायचा किंवा ताठ ब्रशनं घासायचा हा कपडा नाही. गळ्याची मळकट कड साबण लावून हातानं चोळली की निघते. पांढऱ्यासाठी क्लोरिनचं ब्लीच वापरू नये, त्यानं सूत कुजतं, लायक्रा मरतं आणि पांढरा उलट पिवळट होतो. काखेतले पिवळे डाग घाम आणि घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून होतात, म्हणून डिओडरंट वाळल्यावरच टी-शर्ट घालावा. वाळत घालताना ओला टी-शर्ट खांद्यावर लटकवू नये, पाण्याच्या वजनानं तो उंचीला ओघळतो. दोरीवर मधोमध आडवा टाकावा, रंगीत असेल तर सावलीत. बोअरच्या जड पाण्यानं कापड राठ झालं तर शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घातलं की क्षार निघतात आणि कापड पुन्हा मोकळं होतं. तिथे बाटलीतला फॅब्रिक सॉफ्टनर ओतला तर सुतावर मेणचट थर चढतो आणि ते घाम शोषेनासं होतं.